आधी टोचलंस, मग तपासलंस

त्या दिवशी स्नेहमेळाव्यात जेवताना मी गप्प बसले. तुझी बायको आणि मुलगी शेजारी होती, आणि चारचौघांत कुणाला मान खाली घालायला लावणं मला शाळेत असतानाही पटत नसे. पण बाई गप्प बसल्या म्हणजे बाईंना पटलं, असा अर्थ तू काढला असशील. तो तुझ्या डोक्यात राहू देणं धोक्याचं आहे. म्हणून आज ऐक, आणि मध्ये बोलू नकोस.

काय म्हणालास तू? गणपतीनंतर कानात शीळ वाजायला लागली, रात्री झोप येईना. कुणीतरी सांगितलं की बी-१२ कमी पडलं की असं होतं. मग कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून इंजेक्शनं आणलीस, ओळखीच्या कंपाउंडरकडून टोचून घेतलीस, आणि महिन्याभरात शीळ गेली. इथवर कानही तुझा आणि दंडही तुझा. पण तू तिथे थांबला नाहीस. समोर बसलेल्या सगळ्या वर्गाला सांगितलंस, 'कान वाजतो म्हणजे जीवनसत्त्व कमी, दुसरं काही नसतं, डॉक्टरकडे जाऊन पैसे घालवू नका.' आणि ती पस्तिशी-छत्तिशीतली शिकलेली माणसं माना डोलवत होती, कारण वर्गातला हुशार मुलगा बोलत होता. हुशार मुलगा चुकीचं बोलला की त्याचं नुकसान मठ्ठ मुलाच्या चुकीपेक्षा दसपट होतं, कारण त्याच्यावर लोक विश्वास ठेवतात. हे तुला या वयात सांगावं लागावं याचं मला वाईट वाटतं.

नववीत प्रयोगवही लिहायला तुला मी शिकवलं. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान. निरीक्षण आणि अनुमान यांच्यामध्ये मी दोन ओळी कोऱ्या सोडायला लावत असे आणि तू दर वेळी विचारायचास, बाई, कागद का वाया घालवायचा? तिथे थांबून विचार करायचा असतो म्हणून. 'शीळ गेली' हे निरीक्षण. 'इंजेक्शनने गेली' हे अनुमान. मधल्या दोन ओळी तू एका उडीत ओलांडल्यास.

त्या दोन ओळींत काय लिहायला हवं होतं ते मी सांगते. जूनअखेरीपासून तू नदीपात्रात ढोल-ताशा पथकाच्या सरावाला जात होतास. मग गणपतीचे दहा दिवस मिरवणुका, आणि विसर्जनाला तर दुपारपासून पहाटेपर्यंत. कानात कापसाचा बोळासुद्धा नाही. ढोल-ताशाच्या ओळीत उभं राहिलं की आवाज शंभर डेसिबलच्या पुढे सहज जातो. कामाच्या जागी कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेचा दंडक असा आहे, की ८५ डेसिबलमध्ये दिवसाला आठ तास चालतील आणि पुढे दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा करायचा. मांड गणित. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास, १०० ला पंधरा मिनिटं. पंधरा मिनिटं! तू एका सरावाला किती तास वाजवत होतास?

विसर्जन झालं, ढोल गोदामात गेले. त्याच आठवड्यात तू इंजेक्शन सुरू केलंस. म्हणजे आवाज थांबला, झोप परत आली, जागरणं संपली, आणि इंजेक्शनही सुरू झालं. सगळं एकाच वेळी बदललं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकीच्या स्थिर ठेवायच्या, नाहीतर कशामुळे काय झालं ते कळत नाही, हे तू तोंडपाठ म्हणून दाखवायचास. मोठ्या आवाजानंतर वाजणारा कान आवाज थांबल्यावर पुष्कळदा आपला आपण शांत होतो, कधी एका रात्रीत, कधी काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी. तुझी शीळ इंजेक्शनाशिवायही गेली असती का? तुला माहीत नाही. मलाही माहीत नाही. जे माहीत नाही ते माहीत असल्यासारखं सांगितलंस, हा माझा पहिला आक्षेप.

आणि शीळ गेली म्हणजे कान बरा झाला, हेही कुणी सांगितलं तुला? आतल्या कानात, शंखासारख्या वळणाच्या त्या कॉक्लियात, रोमपेशींच्या ओळी असतात. आतल्या ओळीत साधारण साडेतीन हजार आणि बाहेरच्या ओळींत बारा हजारांच्या आसपास. जन्मभराला एवढ्याच. पक्ष्यांमध्ये त्या पुन्हा उगवतात, माणसात उगवत नाहीत. २००९ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी उंदरांवर केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. उंदरांना काही वेळ मोठा आवाज ऐकवला. ऐकण्याची क्षमता आधी घसरली आणि मग पूर्ववत झाली. सगळं ठीक दिसलं. पण कानाचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले तेव्हा रोमपेशी आणि श्रवणतंतू यांना जोडणारे सांधे काही भागात जवळजवळ निम्मे नाहीसे झाले होते. कान बरा वाटत होता आणि आत तुटलेला होता. माणसात किती तुटतं याचा शोध अजून चालू आहे, पण 'आता वाजत नाही, म्हणजे काही झालं नाही' असं म्हणण्याचा अधिकार त्या उंदरांनी तुझ्याकडून काढून घेतला आहे.

कान वाजतो तो कसा, तेही नीट समजून घे, कारण तुझी सगळी चूक तिथून सुरू होते. बाहेर आवाज नसताना आवाज ऐकू येतो, त्याला वैद्यकात टिनिटस म्हणतात, आपल्याकडे कर्णनाद. कुणाला शीळ, कुणाला रातकिडे, कुणाला कुकरच्या वाफेसारखा फुस्स आवाज. बहुतेक वेळा त्याच्या मुळाशी ऐकण्यातली घट असते, माणसाला जाणवलेली किंवा न जाणवलेली. कानाकडून येणारा संदेश कमी झाला की मेंदू आपल्या बाजूने संवेदनक्षमता वाढवतो. लांबचं स्टेशन लागेना म्हणून रेडिओचं बटण पुरतं फिरवावं आणि गाण्याऐवजी खरखरच मोठी व्हावी, तसं हे होतं. म्हणजे कान वाजणं हा रोग नाही, लक्षण आहे, तापासारखं. ताप आला की हिवताप आहे, टायफॉइड आहे की घशाला सूज, हे न बघता एकच गोळी सगळ्यांना वाटणाऱ्या माणसाला तू काय म्हणशील? स्वतःलाही तेच म्हण.

आता तू मनात म्हणत असशील की बाई बी-१२ चा संबंधच नाकारतायत. मी काहीही नाकारत नाही. संबंध असू शकतो, आणि तो कसा, हे तुझ्यापेक्षा नीट सांगते. बी-१२ मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण टिकवायला लागतं. ते कमी पडलं की पायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो, चालताना तोल जातो, विसरायला होतं, जीभ लाल आणि गुळगुळीत होते. श्रवणतंतूही तंतूच, त्यालाही आवरण आहे. शिवाय बी-१२ कमी असलं की रक्तात होमोसिस्टीन वाढतं, ते रक्तवाहिन्यांना मानवत नाही, आणि आतल्या कानाचा रक्तपुरवठा अगदी बारीक वाहिन्यांवर चालतो. तेव्हा तर्काला जागा आहे. पण तर्काला जागा असणं आणि सिद्ध होणं यांच्यामध्येही दोन कोऱ्या ओळी असतात.

त्या ओळींत लोकांनी काय लिहिलंय ते बघ. १९९३ मध्ये इस्रायलमधल्या डॉक्टरांनी सैन्यातल्या ११३ जणांची तपासणी प्रसिद्ध केली, सगळे तोफा-बंदुकांच्या आवाजात काम केलेले. ज्यांचा कान वाजत होता आणि ऐकणंही घटलं होतं त्यांच्यात बी-१२ ची कमतरता ४७ टक्क्यांना. ज्यांचं फक्त ऐकणं घटलं होतं त्यांच्यात २७ टक्के. ज्यांचं ऐकणं ठीक होतं त्यांच्यात १९ टक्के. बी-१२ दिल्यावर बारा जणांना काहीसा आराम पडला. वाचायला जोरदार वाटतं. पण औषध न दिलेला तुलनेचा गट तिथे नव्हता, आणि तुलनेचा गट नसेल तर काय होतं ते आत्ताच तुझ्या ढोलावरून सांगितलं. मग २०१६ मध्ये भारतातलाच एक अभ्यास आला. तो जास्त शिस्तीचा. चाळीस रुग्ण, अर्ध्यांना सहा आठवडे दर आठवड्याला बी-१२ चं इंजेक्शन, अर्ध्यांना नुसतं सलाइनचं पाणी, कुणाला काय दिलंय ते रुग्णालाही ठाऊक नाही. चाळिसांपैकी सतरा जणांत कमतरता होती. औषध मिळालेल्यांपैकी ज्यांच्यात कमतरता होती त्यांचा त्रास कमी झाला. कमतरता नसलेल्यांना तसा लाभ दिसला नाही. आता सतरा जण दोन गटांत वाटले की एका गटात किती उरतात ते तूच मोज, आणि तेवढ्यांवरून जगाला उपदेश करावा का ते ठरव. लेखकांनी स्वतःच त्याला प्राथमिक अभ्यास म्हटलंय, तुझ्याइतका आत्मविश्वास त्यांनी दाखवलेला नाही. आणि त्याआधी, २०१३ मध्ये, तुर्कस्तानातल्या डॉक्टरांनी कमतरता असलेल्या रुग्णांना बी-१२ देऊन पाहिलं तर ना ऐकण्यात फरक पडला ना कान वाजण्यात. हा अभ्यास तुझ्या त्या 'कुणीतरी'ने सांगितला नसेल. लोक होकाराचे निकाल पुढे पाठवतात, नकाराचे नाही.

आणि आता तुझ्याच शहरातला आकडा देते. पुण्यातल्या मध्यमवयीन ४४१ पुरुषांची तपासणी करून डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये निष्कर्ष छापले. खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गातले, असे तिन्ही. एकूण ६७ टक्क्यांच्या रक्तात बी-१२ कमी. शहरी मध्यमवर्गात ८१ टक्के. नीट वाच, ८१. हा आकडा तुझ्या दाव्याला आधार देतो असं तुला वाटेल. उलट आहे. ज्या वर्गात शंभरातल्या ऐंशी जणांचं बी-१२ कमीच आहे, तिथे कान वाजणाऱ्याचं रक्त तपासलं तर ते कमीच निघणार. टक्कल पडलेल्याचंही कमी निघणार, चष्मा लागलेल्याचंही आणि काहीच न झालेल्याचंही. मग कमतरता सापडली एवढ्यावर ती कान वाजण्याचं कारण कशी ठरते? तुलना वाजणाऱ्या आणि न वाजणाऱ्या कानांची व्हायला हवी. हे एवढं एक वाक्य पंगतीत कुणी बोललं असतं, तर मी समाधानाने जेवले असते.

त्याच आकड्याची दुसरी बाजू तू पाहिलीच नाहीस, आणि माझा खरा राग तिथे आहे. तुझ्या अंगात बी-१२ खरोखर कमी असण्याची शक्यता भरपूर आहे. घरात अंडंही येत नाही, दूध चहापुरतं. माणसाला दिवसाला दोन-अडीच मायक्रोग्रॅम लागतं, आणि ते वनस्पतींत मिळत नाही. शेवग्याची पानं, खजूर, बीट, गूळ, पालक यांत इतर चांगलं पुष्कळ आहे, बी-१२ नाही. स्पिरुलिनाच्या गोळीत जे असतं ते बहुतांशी शरीराला न वापरता येणारं, नुसतं त्यासारखं दिसणारं. शाकाहाऱ्याने दूध, दही, ताक, पनीर भरपूर घ्यावं, पावशेर दुधातून साधारण एक मायक्रोग्रॅम मिळतं, आणि ते पुरत नसेल तर डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी. त्यात कमीपणा नाही. वर तू आम्लपित्तासाठी रोज सकाळी पँटोप्राझोल घेतोस, किती वर्षं घेतोस ते तुझं तुलाही आठवेना. अन्नातल्या प्रथिनांना चिकटलेलं बी-१२ मोकळं करायला जठरातलं आम्ल लागतं. ते आम्लच तू रोज दाबतोस. मग ते बी-१२ जठरातच तयार होणाऱ्या एका प्रथिनाचा हात धरून लहान आतड्याच्या शेवटापर्यंत जातं आणि तिथे शोषलं जातं. या वाटेत कुठेही अडथळा आला की खाऊनही मिळत नाही. तुझ्यात अडथळा कुठे आहे? खाण्यात, गोळीत, की जठराच्या अस्तरात? हे शोधायची एक संधी होती आणि ती तू घालवलीस.

कारण आधी टोचलंस आणि मग रक्त तपासलंस. तूच मोठ्या अभिमानाने सांगितलंस ना, की रिपोर्टमध्ये बी-१२ 'दोन हजाराच्या वर' आलं! ते येणारच. आठवड्यापूर्वी दंडात घातलेलंच प्रयोगशाळेने मोजलं. इंजेक्शनाआधी ते दोनशेच्या खाली होतं की दोनशे-तीनशेच्या संशयाच्या पट्ट्यात होतं की ठीक होतं, हे आता कुणालाच कळणार नाही, निदान काही महिने तरी नाही. शंका राहिली तर होमोसिस्टीन आणि मिथाइलमॅलॉनिक ॲसिड तपासतात, पण औषधानंतर तीही बदलतात. पुरावा तू स्वतःच्या हाताने पुसलास. परीक्षेत खाडाखोड केली की मी गुण कापत असे. इथे तू प्रश्नच खोडून टाकलास.

इंजेक्शनांबरोबर जी बहुजीवनसत्त्वाची गोळी घेतोस तिच्यात फॉलिक ॲसिड आहे, हे वेष्टनावर वाचलंस का? त्याची गोष्ट आपल्या मुंबईपाशी सुरू होते, म्हणून सांगते. १९२८ च्या सुमारास लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या आणि गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांच्या पंडुरोगाचा त्यांनी अभ्यास केला. साध्या यीस्टच्या अर्काने त्या बायकांचं रक्त सुधारलं. १९३१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. मोठं काम होतं ते, असंख्य बायकांचे जीव त्यामुळे वाचले. पण १९४० च्या दशकात डॉक्टरांनी हेच फॉलिक ॲसिड बी-१२ शोषता न येणाऱ्या रुग्णांना दिलं तेव्हा रक्त सुधारलं आणि मज्जातंतूंची हानी मात्र चालूच राहिली, काहींची वाढली. हिमोग्लोबिनचा आकडा छान, पाय बधिर. एक जीवनसत्त्व दुसऱ्याची उणीव झाकू शकतं, म्हणूनच मूठभर गोळ्या घेणाऱ्याला मी शहाणा म्हणत नाही.

त्या मुठीत आणखीही आहे. डी जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी, जी साधारणपणे ठरावीक आठवडे, आठवड्यातून एकदा घ्यायची असते, ती लोक मनाला येईल तशी घेतात आणि मग रक्तात कॅल्शियम वाढून ओकाऱ्या, बद्धकोष्ठ, मूत्रपिंडाला इजा. बी-६ फार दिवस फार घेतलं तर तेच मज्जातंतू बिघडवतं. म्हणजे मुंग्या घालवायला घेतलेल्या गोळीने मुंग्या येतात. कान वाजण्यावर म्हणून जस्त, गिंको, मेलाटोनिन विकलं जातं. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ च्या मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलंय, की सतत त्रास देणाऱ्या टिनिटसवर ही पूरकं सुचवू नयेत. २०१६ मध्ये त्रेपन्न देशांतल्या १७८८ टिनिटसग्रस्तांची पाहणी प्रसिद्ध झाली. पूरकं घेतलेल्यांपैकी ७०.७ टक्क्यांना काहीच फरक नाही, १९ टक्क्यांना बरं वाटलं, १०.३ टक्क्यांचं बिघडलं. त्या एकोणीस टक्क्यांतल्या प्रत्येकाला वाटतं आपल्याला गुरुकिल्ली सापडली. आणि तोच बोलतो. उरलेले सत्तर टक्के कुठल्या पंगतीत उठून 'मला काही झालं नाही' असं सांगत नाहीत.

आता सगळ्यात गंभीर गोष्ट. तू बोलत होतास तेव्हा तुझ्यासमोर, तिसऱ्या पानावर बसलेली तुझी वर्गमैत्रीण तुला म्हणाली, 'माझा डावा कान दोन दिवसांपासून वाजतोय आणि त्या कानाला फोन लावला तर ऐकू येत नाही.' तू काय उत्तर दिलंस? 'पाच इंजेक्शनं घे, महिना थांब.' अरे, एका कानाचं ऐकणं अचानक जाणं ही तातडीची अवस्था आहे! त्यावर स्टेरॉइडचा उपचार करतात आणि तो पहिल्या दिवसांत, फार तर पहिल्या दोन आठवड्यांत सुरू व्हावा लागतो. महिना थांबली असती तर ती वेळ टळून गेली असती. मी हात धुतल्याबरोबर तिला बाजूला घेतलं, दुसऱ्या दिवशी सकाळी ती कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेली आणि उपचार लगेच सुरू झाले. कान किती परत येईल ते अजून सांगता येत नाही. हे तुला टोचावं म्हणूनच सांगते आहे. ज्ञान नसताना गप्प बसता येतं. तू बसला नाहीस.

कुठल्या कानाकडे ताबडतोब बघायचं, हे आता तरी डोक्यात ठेव. एकाच कानात वाजत असेल तर थांबायचं नाही, कारण क्वचित का होईना, श्रवणतंतूवरची गाठ तशीच सुरू होते. नाडीच्या ठोक्याबरोबर धप्‌धप् ऐकू येत असेल तर रक्तवाहिन्या तपासायच्या, आणि रक्तही, कारण तीव्र पंडुरोगातही तसं होतं. चक्कर, तोंड वाकडं होणं, कानातून पू, डोक्याला मार, यांपैकी काही सोबत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि घेत असलेली औषधं सांगायची. क्षयावरची स्ट्रेप्टोमायसिन किंवा अमिकासिनची इंजेक्शनं, कर्करोगावरचं सिस्प्लाटिन, क्विनीन, मोठ्या मात्रेतली ॲस्पिरिन, ही कानाला लागतात. अर्थात ती कुणी आपल्या मनाने बंद करायची नाहीत, ज्याने दिली त्याला विचारायचं. कधी कधी तर नुसता मळ घट्ट बसलेला असतो, आणि तो डॉक्टरने काढला की कान शांत. लसणाचं गरम तेल आणि केसांच्या पिना यांनी मात्र कानाचे पडदे फाटतात.

तेव्हा आता काय करायचं ते लिहून घे. कानाची ऑडिओमेट्री करून घे, कान वाजत नसला तरी. आवाजाने झालेली इजा बहुधा ४००० हर्ट्झच्या आसपास खड्डा दाखवते, तो आहे का बघायला सांग. इंजेक्शनं तूर्त बंद, आणि बी-१२ चं पुढे काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. त्यांना खरं सांग, आधी टोचलं म्हणून सांग, पँटोप्राझोलचं सांग, आणि ती गोळी आता लागते का तेही विचार. शीळ परत आली तर घाबरून आणखी काही गिळू नकोस. ऐकणं कमी झालं असेल तर श्रवणयंत्राने पुष्कळांचा कर्णनाद सुसह्य होतो, आणि मन त्यातून काढायला शिकवणाऱ्या समुपदेशनाला, बोधात्मक वर्तन उपचाराला, आज कुठल्याही गोळीपेक्षा भक्कम पुरावा आहे.

आईची गोष्टही तूच त्या दिवशी ओघात सांगितलीस. मधुमेह, बारा वर्षं मेटफॉर्मिन, आणि हल्ली तळपायांना आग आणि मुंग्या, 'शुगरमुळे असणार.' शुगरमुळे असेलही. पण मेटफॉर्मिन बी-१२ चं शोषण कमी करतं, आणि ब्रिटनच्या औषध नियामकांनी २०२२ मध्ये या औषधावरच्या रुग्णांच्या बी-१२ कडे लक्ष ठेवायला डॉक्टरांना बजावलं आहे. कमतरता वेळेत सापडली तर तंतू सावरतात, फार उशीर झाला तर सावरत नाहीत. घरात ज्या बाईला ही तपासणी खरोखर हवी होती तिला ती न करता तू स्वतःच्या दंडात इंजेक्शनं घेत बसलास. या आठवड्यात तिला घेऊन जा. आणि हो, आधी रक्त, मग औषध.

पथकाचं राहिलं. सोळा-सतरा वर्षांची पोरं तुझ्या हाताखाली वाजवतात आणि तू सांगशील ते करतात. ढोल बंद कर असं मी म्हणणार नाही, मला तो आवडतो. पण पुढच्या जूनला सरावाच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाच्या कानात इअरप्लग असले पाहिजेत, मधून मधून ओळीतून बाहेर येऊन विश्रांती झाली पाहिजे, आणि ज्याने प्लग घातला नाही त्याने ढोल बांधायचा नाही. आधी तू घाल, नाहीतर ती घालणार नाहीत.

वर्गातल्या ज्यांना ज्यांना सल्ला दिलास त्या प्रत्येकाला स्वतः फोन कर आणि मी पुरावा नसताना बोललो असं स्पष्ट सांग. कुणाचा कान वाजत असेल तर त्याला तपासायला पाठव. आणि ऑडिओमेट्रीचा कागद मिळाला की माझ्याकडे घेऊन ये. अनुमान मी सांगणार नाही, तूच वाचून दाखवायचंस.